फाईल नेमकी कुठे अडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांपूर्वी महसूल सहायक म्हणून लागलात, तहसील कार्यालयात एक संकलन, म्हणजे ठरावीक विषयांचं टेबल, सांभाळता. रोजचं टपाल, दाखले, स्मरणपत्रं वेळेत निघतात. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात तीन फायली आहेत, त्यांना हात लागत नाही. एक लेखापरीक्षणाच्या अनुपालनाची, म्हणजे लेखापरीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर देण्याची, तिला पाच महिने झाले. दुसरी निराधार योजनेतल्या वसुलीची, म्हणजे अपात्र ठरलेल्यांना दिलेले पैसे परत घेण्याची. तिसरीवर साहेबांनी 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा मारून ती परत पाठवली आहे. पहाटे उठून पाहिलंत, पंचवीस मिनिटांनी गजर वाजवणारं ॲप घेऊन पाहिलंत, आठवड्यापलीकडे काही टिकलं नाही. आणि शेवटी विचारलंत, "मी मुळातच आळशी आहे का? आणि आता साहेबांना सांगू की नको?"

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस कप्पा उघडून बघायच्या भानगडीतच पडत नाही. तो संध्याकाळी डबा पिशवीत घालतो आणि सुखानं घरी जातो. तुम्ही रोज उघडता, बघता, झाकता आणि मग उरलेला दिवस स्वतःवर चरफडत दुप्पट दाखले काढता. मेहनत भरपूर आहे, ती भलत्या कागदांवर खर्च होते आहे.

मी १९८६ साली कारकून म्हणून लागले, ३३ वर्षांनी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर नव्या भरतीच्या मुलामुलींचे वर्ग घेते. ज्यांच्या नावानं सगळं कार्यालय बोटं मोडायचं अशी माणसं मी मार्चअखेरीला पाहिली आहेत. ३१ मार्चला न खर्चलेलं अनुदान व्यपगत होणार, म्हणजे हातचं जाणार, म्हटलं की हीच मंडळी रात्री उशिरापर्यंत कोषागारात देयकं घेऊन बसायची, जेवणखाण विसरायची आणि एक आकडा चुकू द्यायची नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत ये रे माझ्या मागल्या. आळस अंगात असता तर तो मार्चमध्ये कुठे गेला होता? मार्चमध्ये काय करायचं ते स्पष्ट असतं, कधीपर्यंत ते ठरलेलं असतं आणि शेजारचे दहा जण तेच करत असतात. तुमच्या खालच्या कप्प्यातल्या फायलींच्या नशिबी यातलं काहीच नाही.

तुम्ही आजवर जे उपाय केलेत ते सगळे वेळेच्या दुखण्यावरचे होते. दुखणं वेळेचं नव्हतं, म्हणून ते लागू पडले नाहीत. फाईल दिसली की पोटात खड्डा पडतो, हात आपोआप दुसऱ्या कागदाकडे जातो आणि त्या क्षणी बरं वाटतं. हे बरं वाटणंच सवय लावतं. वर्गांसाठी वाचत होते तेव्हा फ्युशा सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांचं २०१३ मधलं लिखाण वाचनात आलं. त्यांचंही म्हणणं हेच, की चालढकल करणारा माणूस आत्ताचा मूड सावरतो आणि त्याची किंमत उद्याच्या स्वतःवर टाकतो. मला हसूच आलं. आमच्या कार्यालयात ही परिभाषा कुणाला ठाऊक नव्हती, पण नको ती फाईल समोर आली की चहाची वेळ झाली हे सगळ्यांना बरोबर कळायचं.

माझंच सांगते. १९९१ मध्ये मी आस्थापना शाखेत होते आणि एका निवृत्त शिपायाचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण माझ्या टेबलावर होतं. सेवापुस्तकात मधल्या अकरा महिन्यांची सेवा पडताळणीची नोंद नव्हती. त्या अकरा महिन्यांत ते दुसऱ्या तालुक्याला होते. तात्पुरतं निवृत्तिवेतन चालू होतं, पण उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलं होतं आणि त्यांना पावसाळ्याआधी घरावर पत्रे टाकायचे होते. मंगळवारी बाजाराला आले की ते कार्यालयात यायचे आणि बाकावर बसून राहायचे. फारसं बोलायचे नाहीत. पहिल्या मंगळवारी मी म्हटलं, "होतंय, काका." दुसऱ्या मंगळवारी तेच. सहाव्या मंगळवारापर्यंत माझी गत अशी झाली की दारात त्यांची टोपी दिसली की मी मागच्या बाजूनं अभिलेख कक्षात. त्या तीन महिन्यांत मी इतर शाखांचे जुने गठ्ठेसुद्धा लावून टाकले. त्याबद्दल माझं कौतुकही झालं!

शेवटी आमच्या अव्वल कारकुनांनी (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो) ती फाईल माझ्यासमोर ठेवली. रागावले नाहीत. "यात काय अडलंय ते एका ओळीत लिहा," म्हणाले. मी सांगायला लागले तर, "सांगू नका, लिहा." ती एक ओळ लिहायला मला दहा मिनिटं लागली, कारण तोवर त्या प्रकरणाचा डोक्यात नुसता गुंता झाला होता. लिहून झाल्यावर ओळ निघाली ती अशी: 'अमुक तहसीलकडून अकरा महिन्यांच्या पगारपत्रकांवरून सेवा पडताळणीचा दाखला मागवणे.' अण्णांनी वाचली आणि म्हणाले, "मग मागवा की." पत्र वीस मिनिटांत टंकून झालं. दाखला पंधरवड्यात आला.

ते पत्र मी पहिल्याच आठवड्यात का लिहिलं नाही, यावर नंतर पुष्कळ विचार केला. सुरुवातीला मला माहीतच नव्हतं की अशी पडताळणी जुन्या पगारपत्रकांवरून करून घेता येते. पाच वर्षं नोकरी झालेल्या बाईनं हे कुणाला विचारायचं कसं, म्हणून विचारलं नाही. महिनाभरानं एका सहकाऱ्याच्या बोलण्यातून ते आपसूक कळलं. म्हणजे मूळ अडचण तिथेच संपली होती. पण तोवर उशीर झाला होता, आणि आता पत्र लिहायचं तर 'इतके दिवस काय केलंत' हा प्रश्न अंगावर घ्यावा लागणार होता. पुढचे दोन महिने फाईल अडली ती निव्वळ आधी अडली होती म्हणून. तुमच्या पाच महिन्यांच्या फाईलमध्येही पहिला महिना आणि उरलेले चार यांची कारणं वेगळी असतील, एवढं मी न बघता सांगू शकते.

उपदान मंजूर झाल्याचं काकांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग पुढच्या मंगळवारी यायचं का नको?"

अण्णांची ती एक ओळ मी पुढे नोकरीभर वापरली. कागदाचा तुकडा घ्यायचा, फाईल कुठे अडली आहे ते त्यावर लिहायचं आणि फाईलच्या वर टाचायचं. ओळीत 'मी' येता कामा नये. 'मला कंटाळा येतो', 'माझं लक्ष लागत नाही' ही माणसाची वर्णनं झाली, त्यावरून पुढचं पाऊल कळत नाही. 'चौकशी अहवालाची प्रत जोडलेली नाही' यावरून कळतं. कधीकधी ओळ लिहिता लिहिताच लक्षात येतं की अडलेलं काही नाहीच, नुसती धूळ आहे.

आता तुमच्या फायली. मी त्या पाहिलेल्या नाहीत, म्हणून अंदाजानं बोलते.

'नियमानुसार कार्यवाही करावी' हा शेरा म्हणजे शासनातली सर्वांत जुनी चालढकल, फक्त हिरव्या शाईतली. निर्णय घ्यायचा नसला की हा शेरा येतो, आणि तो निर्णय महसूल सहायकाच्या टेबलावर येऊन बसतो. तुम्ही 'कुठला नियम' हे शोधत बसलात आणि अडलात, कारण बहुधा दोन नियम लागू होतात आणि कुठला लावायचा हे ठरवणं तुमच्या अधिकारातलंच नाही. तेव्हा उत्तर शोधणं थांबवा आणि प्रश्न नीट मांडून वर पाठवा. टिपणीत पर्याय अ, त्याचा आधार, त्याचा परिणाम. पर्याय ब, त्याचा आधार, त्याचा परिणाम. आणि 'पर्याय अ प्रस्तावित' असं स्पष्ट लिहा. कोरा प्रश्न गेला की परत 'चर्चा करावी' येतं. पर्याय मांडून गेला की साहेबांनाही सही करणं सोपं जातं. अडलेली जागा त्यांनाही असतेच ना.

अनुपालनाच्या फाईलमध्ये बहुतेक भीती आहे. आक्षेप आधीच्या भाऊसाहेबांच्या (लिपिकाच्या) काळातला आणि उत्तरावर आद्याक्षरी तुमची, मग उद्या अंगाशी येईल का, ही शंका रास्त आहे. यावर माझा उपाय असा की आख्खी फाईल हातात घ्यायचीच नाही. निरीक्षण अहवालातला एक परिच्छेद घ्यायचा, आणि त्यातलीही फक्त वस्तुस्थिती लिहायची: किती प्रमाणकं (खर्चाची व्हाउचरं) मागितली, किती सापडली, कुठली सापडली नाहीत, शोध कुठे कुठे घेतला. अभिप्राय आज नको. वस्तुस्थिती लिहिताना भीती वाटत नाही, कारण त्यात आपलं मत नसतं. आणि ती लिहून झाली की निम्म्या वेळा अभिप्राय आपोआप समोर दिसतो. शिवाय 'सापडत नाही' असं तारखेसह लेखी नोंदवलेलं असणं, हेच उद्या तुमचं संरक्षण आहे. न लिहिलेल्या उत्तरानं आजवर कुणाला वाचवल्याचं मी पाहिलेलं नाही.

वसुलीच्या फाईलबद्दल मी जरा जपून बोलते. तिथे समोर म्हातारी, एकटी माणसं असतात आणि नोटीस काढायला हात धजत नाही. असा हात अडखळणं हा दोष आहे असं मला वाटत नाही. पण फाईल पडून राहिली म्हणून त्यांची सुटका होत नाही, आणि त्यातल्या कुणाची रक्कम अजून खात्यात जमा होत असेल तर वसुलीचा आकडा दर महिन्याला फुगतो. तुम्हाला वाटणारी शंका टिपणीत आणा: अमुक लाभार्थ्यांच्या पात्रतेची फेरतपासणी व्हावी, वसुली हप्त्यांनी करता येईल का याबाबत आदेश व्हावेत. नाही म्हणायचं तर साहेब म्हणतील. निदान विचारलं गेलं असेल.

एक सावधगिरी मात्र सांगते, कारण हुशार माणसं हमखास इथे फसतात. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धतीत (टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची रीत) प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा असतो. ज्यात आपण काम करायचं ते प्रलंबित, ज्यात दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघायची ते प्रतीक्षाधीन. विभागणी फार शहाणपणाची आहे. पण अडलेल्या माणसाला प्रतीक्षाधीन गठ्ठा म्हणजे लपायला उत्तम जागा. गरज नसलेली माहिती मागवणारं एक पत्र काढायचं की फाईल त्या गठ्ठ्यात, आणि महिनाभर डोक्याला शांतता. एका वेळी एकच त्रुटी काढायची, ती पूर्ण झाली की दुसरी, हाही त्यातलाच प्रकार. कागदोपत्री काम चालू, अर्जदार मात्र हेलपाटे घालतोय.

कायद्यानं तरी यावर किती उपाय होणार? बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आपल्याला सगळ्यांना पाठ आहे: सर्वसाधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची चार दिवसांत, तात्काळ एका दिवसात किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. तो आला तेव्हा मी नोकरीत होते. फायदा नक्की झाला, कारण टेबलावर फाईल किती दिवस आहे याची मोजणी सुरू झाली. पण सातव्या दिवशी फाईल सरकवायची कला त्याहून वेगानं विकसित झाली. मुदत फाईल हलवते. ती पुढे जाते की गोल फिरून परत येते, ते मात्र अडलेली जागा कुणी शोधली का यावर ठरतं. आता ई-ऑफिसमध्ये हे सगळं पडद्यावर दिसतं, तरी खालचा कप्पा तिथेही असतोच.

वेळेबद्दलही थोडं. तुम्ही लिहिलंय, "सलग मोकळा दिवस मिळाला की एका बैठकीत संपवीन." असा दिवस मला ३३ वर्षांत मिळाला नाही. आणि 'एका बैठकीत' हा अंदाजही भरवशाचा नसतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ मधल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, लागले जवळपास ५६. आपण सगळेच असे. म्हणून मी 'फाईल संपवणे' हे काम कधी यादीत लिहिलंच नाही. 'परिच्छेद दोन, प्रमाणकांचा तक्ता' असं लिहायचे.

पाच दिवसांचा आठवडा आणि पावणेदहाची वेळ २०२० मध्ये आली, तोवर मी निवृत्त झाले होते. पण आमच्या वेळीही बारनिशीतून (आवक-जावक टेबलावरून) टपाल टेबलावर येईपर्यंतचा पहिला अर्धा-पाऊण तास तेवढा आपला असायचा. आता व्हॉट्सॲपच्या गटांवर 'माहिती तात्काळ सादर करावी' सकाळीच सुरू होतं असं वर्गातली मुलं सांगतात. तरी आठवड्यातून तीन दिवस तो पहिला अर्धा तास खालच्या कप्प्याला द्या. त्यात एक युक्ती आहे: आदल्या संध्याकाळी उठताना फाईल टेबलावर काढून, हवं ते पान उघडून, वर ती ओळीची चिठ्ठी ठेवून जायचं. सकाळी कप्पा उघडायचा निर्णय घ्यावाच लागत नाही. हे सांगायला फार किरकोळ वाटतं, पण माझ्या वर्गातल्या मुलांपैकी जी परत भेटली त्यांनी हीच गोष्ट टिकल्याचं सांगितलं.

निव्वळ रटाळ कामांचं, म्हणजे गोषवारे आणि नोंदवह्यांचं, मला फार कौतुक नाही. शेजाऱ्याला घेऊन बसा, गप्पा मारत उरका. तिथे तुमचं ॲपही चालेल.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. तुमच्याकडे रिक्त पदामुळे दोन संकलनं असतील, तर तीन फायली मागे राहणं ही चालढकल नाही, तो भागाकार आहे, आणि तो स्वतःला दोष देऊन सुटणार नाही. कार्यभार लेखी मांडा. दुसरं, काही फायली पडून राहाव्यात अशीच वरून तोंडी इच्छा असते. अशी शंका आली तर आपल्या बाजूनं टिपणी सादर करून मोकळं व्हा. कुणाची चालढकल आपल्या नावावर घेऊ नका. आणि तिसरं, जर फायलींपुरतं नसेल, घरी आल्यावरही काही करावंसं वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर चिठ्ठ्या टाचून ते जाणार नाही. डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. दोन हुशार सहकाऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षं कामचुकार समजत राहिलो, ते आजारी होते. याची मला अजून रुखरुख आहे.

आता साहेबांना सांगायचं का? सांगा, आणि त्यांनी विचारायच्या आत सांगा. तुम्हाला वाटतंय की आधी फाईल पूर्ण करून मग सांगावं, म्हणजे बोलणी कमी बसतील. पण ती लाजच तर फाईल अडवून बसली आहे. २०१० मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांनी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक छोटा अभ्यास आहे: पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेला टाळाटाळ कमी केली. मला तो अण्णांमुळे आधीच पटलेला होता. ते त्या दिवशी रागावले असते तर मी अभिलेख कक्षातले आणखी गठ्ठे लावले असते.

फक्त रिकाम्या हातानं जाऊ नका. तीनपैकी ज्या फाईलची ओळ सर्वांत लवकर लिहून होईल ती घ्या, तिची टिपणी तयार करा, मग जा. "रावसाहेब, ही माझ्याकडून राहिली होती, पाच महिने झाले. अडली होती ती इथे. टिपणी सोबत आहे. उरलेल्या दोन कुठल्या तारखेला देतो ते खाली लिहिलंय." यापेक्षा जास्त खुलासा करू नका. साहेब दोन मिनिटं बोलतील, कदाचित चार. ऐकून घ्या, आणि सही होईपर्यंत तिथेच उभे राहा.